वाचक विचारतात: मज्जातंतूंच्या इजेनंतर लघवीचा त्रास

या महिन्यात नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी एकाच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत. मणक्याला मार लागल्यावर, मधुमेहात, कंपवातात किंवा जन्मापासून पाठीत दोष असल्यास लघवीवरचा ताबा जातो, तेव्हा करायचं काय? पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं गाळली आहेत.

उत्तरांआधी एक गोष्ट सगळ्यांसाठी. मूत्राशयाचा स्नायू आणि त्याच्या तोंडाशी असलेला झडपेचा स्नायू आलटून पालटून काम करतात. साठवताना पहिला सैल आणि दुसरा घट्ट, लघवी करताना उलट. हा मेळ मेंदू आणि मज्जारज्जू घालतात, आणि शेवटचा निरोप त्रिकास्थीतल्या (कमरेखालच्या, माकडहाडाच्या वरच्या हाडातल्या) दुसऱ्या ते चौथ्या नसा पोचवतात. इजा वर झाली असेल तर मूत्राशय मनमानी आकुंचन पावतं, त्याच क्षणी झडपही आवळली जाते आणि आतला दाब वाढतो. इजा अगदी खाली, या नसांनाच झाली असेल तर मूत्राशय लुळं पडतं, भरत राहतं आणि वरून सांडतं. घरच्यांना दोन्हीकडे दिसतात ते ओले कपडेच. पण साठवणीच्या काळात आतला दाब ४० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभापेक्षा वर राहिला, तर मूत्रपिंडांना सूज येते, आणि तेही काही न दुखता. म्हणून खाली सांगितलेल्या प्रत्येक उपायाचा पहिला हेतू मूत्रपिंडं वाचवणं हा आहे. कपडे कोरडे राहणं त्यानंतर येतं.

प्रश्न: माझे मिस्टर (वय ३४) अंबडला शेडवर पत्रे बसवताना पडले. पाठीचा आठवा मणका मोडला, ऑपरेशन झालं, पाय चालत नाहीत. चार महिने लघवीची नळी आणि पिशवी लावलेली आहे. आता डॉक्टर म्हणतात की ती काढा आणि दिवसातून पाच वेळा स्वतः नळी घालून लघवी काढा. रोज पाच वेळा नळी घातली तर इन्फेक्शन जास्त नाही का होणार? आणि घरी हे जमेल का? (सिन्नर)

भीती स्वाभाविक आहे, पण प्रत्यक्षात उलट घडतं. कायम आत राहणाऱ्या नळीवर जंतूंचा चिकट थर बसतो आणि महिनाभरात जवळपास प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. शिवाय खडे होतात आणि पुरुषांत लघवीच्या मार्गाला आतून जखम होते. वेळच्या वेळी रिकामं होणाऱ्या मूत्राशयाचं असं होत नाही. ते फार ताणलं गेलं की भिंतीतला रक्तपुरवठा कमी होतो आणि तिथे जंतू रुजतात. १९७२ मध्ये अमेरिकेतले डॉ. लॅपिडेस यांनी हेच मांडलं आणि निर्जंतुक हातमोज्यांशिवाय, स्वच्छ धुतलेल्या हातांनी नळी घालण्याची पद्धत रूढ केली. आज जगभर हाच पहिला उपाय मानतात. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे.

सामान थोडंच लागतं. 'नेलाटन' नावाची साधी, फुगा नसलेली पीव्हीसी नळी घ्या. पुरुषांसाठी ती ४० सेंटीमीटर लांब, १२ किंवा १४ नंबरची हवी. नळीच्या मागच्या टोकाच्या रंगावरून नंबर ओळखता येतो: १२ पांढरा, १४ हिरवा, १६ नारिंगी. दुकानदाराने १६ दिली तर बदलून घ्या, जाड नळीने काम लवकर होईल ही समजूत खोटी आहे. सोबत पाण्यात विरघळणारी जेली, मापाचं भांडं आणि साबण. व्हॅसलीन, खोबरेल तेल वापरू नका.

मिस्टरांना टेकून बसवा. साबणाने हात धुवा, नखं कापलेली असू द्या. शिश्नावरची कातडी मागे घेऊन टोक साबणपाण्याने धुवा. नळीच्या पुढच्या अर्ध्या भागाला भरपूर जेली लावा, इथे कंजुषी केली की जखम ठरलेली. मग शिश्न वर, पोटाच्या दिशेने ताणून धरा. असं धरलं की मार्गातलं पहिलं वळण सरळ होतं. नळी हळूहळू सरकवत न्या. १५ सेंटीमीटरच्या आसपास अडल्यासारखं वाटेल. ती झडप आहे. इथे बहुतेक जण घाबरून जोर लावतात आणि रक्त येतं. थांबा, त्यांना दोन-तीन खोल श्वास घ्यायला सांगा आणि श्वास सोडताना हलका, सलग दाब ठेवा. झडप अर्ध्या-एक मिनिटात सैल पडते. लघवी येऊ लागली की नळी आणखी २ ते ३ सेंटीमीटर आत न्या आणि शिश्न खाली करून भांड्यात धार सोडा.

धार थांबली म्हणजे मूत्राशय रिकामं झालं असं समजू नका. नळी एकेक सेंटीमीटर मागे घ्या. पुन्हा धार लागली की थांबा, संपली की परत थोडी मागे. तळाशी उरलेली लघवी अशीच निघते, आणि वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या घरांत बहुधा हीच पायरी सुटलेली असते. शेवटी नळीचं टोक चिमटीत दाबून बाहेर काढा आणि कातडी पुढे आणायला विसरू नका. मागे राहिली तर ती सुजून अडकते आणि धावपळ करावी लागते.

किती वेळा, हे घड्याळापेक्षा भांड्यातलं माप सांगतं. सुरुवात दर चार तासांनी करा. एका वेळी ४०० मिलीच्या वर निघत असेल तर अंतर कमी करा, कायम २०० च्या खाली असेल तर वाढवता येईल. दिवसाचं पाणी दीड ते दोन लिटर, सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाटून द्या. रात्रीचं माप सहसा फुगतं, कारण दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर मूत्रपिंडांकडे परततं. त्यावर दुपारी तासभर पाय उंच ठेवणं आणि संध्याकाळी सातनंतर घोट-दोन घोटच पिणं हा उपाय आहे. पाणीच तोडू नका, तोडलं की लघवी दाट होते आणि खडे धरतात.

पाकिटावर 'एकदाच वापरा' लिहिलेलं असतं आणि ते परवडत असेल तर उत्तमच. ज्यांना परवडत नाही ते नळी धुऊन वापरतात. तसं करायचंच असेल तर काढल्याबरोबर आतून-बाहेरून साबणपाण्याने धुवा, सिरिंजने आतून स्वच्छ पाणी सोडा, झटका आणि स्वच्छ कपड्यावर पूर्ण कोरडी होऊ द्या. ओली नळी प्लास्टिकच्या डबीत बंद करणं ही सर्रास दिसणारी चूक आहे, त्या ओलीत जंतू वाढतात. नळी कडक झाली, धुरकट झाली, आत पांढरा थर दिसला की टाका. एका माणसाची नळी दुसऱ्याला कधीही नको.

पहिल्या दिवसांत एखाद-दुसरा रक्ताचा थेंब चालतो. गाठी येत असतील, नळी आत जातच नसेल किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

एक तपासणी राहिली असेल तर विचारा. मार लागल्यावर पहिले काही आठवडे मज्जारज्जूच्या धक्क्यामुळे मूत्राशय लुळंच असतं, त्याचा खरा स्वभाव नंतर कळतो. त्यामुळे साधारण तीन महिन्यांनी युरोडायनॅमिक तपासणी करतात. एक बारीक नळी मूत्राशयात, एक गुदद्वारात ठेवून मूत्राशय सावकाश भरतात आणि दाब मोजतात. भूल लागत नाही. दाब जास्त निघाला तर नळीच्या जोडीला गोळ्या लागतात. नुसती नळी घालून तो दाब उतरत नाही.

प्रश्न: मुलाच्या लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) 'ई. कोलाय' हे जंतू येतात. अँटिबायोटिक संपलं की पुन्हा येतं. ताप नाही, त्रास नाही. किती वेळा द्यायचं? (सिडको, नाशिक)

ताप नसेल आणि त्रास नसेल तर देऊ नका, आणि कल्चर उगाच करूही नका. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू असतातच. प्रत्येक वेळी मारायला गेलं की उरतात ते चिवट जंतू, आणि खरोखर गरज पडेल तेव्हा गोळी लागू पडत नाही. ताप, थंडी, कमरेच्या बाजूला दुखणं, अचानक वाढलेली गळती, पायांचे झटके एकाएकी वाढणं, लघवीत रक्त, यांपैकी काही असेल तर मात्र आधी कल्चरचा नमुना द्या, मग औषध सुरू करा. नमुना ताज्या नळीतून घ्यावा, पिशवीतून कधीच नाही. लघवीला वास येतो किंवा ती गढूळ दिसते, एवढ्यावर औषध घेऊ नका. पाणी वाढवा आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होतंय का ते बघा.

प्रश्न: वय ५८, मधुमेह १६ वर्षांपासून. लघवी लागल्याचं कळत नाही, रात्री अंथरूण ओलं होतं. सोनोग्राफीत लघवी केल्यावर ३८० मिली शिल्लक निघाली. एका डॉक्टरांनी प्रोस्टेट (पुरुषांत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ग्रंथी) वाढलंय म्हणून गोळी दिली, आता ऑपरेशन सुचवलंय. (नाशिकरोड)

ऑपरेशनची तारीख घेण्याआधी युरोडायनॅमिक तपासणीचा आग्रह धरा. जुन्या मधुमेहात आधी मूत्राशयाची जाणीव जाते. माणूस सात-सात तास लघवीला जात नाही आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नाही. वर्षानुवर्षं ताणलेल्या इलॅस्टिकसारखा मग तो स्नायू ढिला पडतो. रात्रीचं ओलं होणं हे बहुधा भरलेलं मूत्राशय सांडणं असतं. प्रोस्टेटची अडचण सोबत असू शकते, पण स्नायूतच जोर नसेल तर प्रोस्टेट कापूनही शिल्लक कमी होईलच असं नाही. हे ऑपरेशनच्या आधी कळायला हवं.

आजपासून करता येण्यासारखं: लागली-न लागली याची वाट न पाहता दर तीन तासांनी, मोबाइलचा गजर लावून लघवीला जा. बसून करा. झाल्यावर उठा, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा बसा. या दुसऱ्या खेपेला बऱ्याचदा चांगलं माप निघतं. पोट दाबून काढू नका. दाबल्याने झडप उघडत नाही, लघवी उलट वर मूत्रपिंडांकडे ढकलली जाते आणि मूळव्याध, हर्निया मागे लागतो.

मग औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांसमोर बसा. पायांच्या आगीसाठी ॲमिट्रिप्टिलीन चालू असेल तर ती गोळी लघवी अडवते. सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच. मधुमेहाची डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर साखर लघवीवाटे जाते आणि लघवीचं प्रमाण वाढतं, मूत्राशय रिकामं होत नसताना हे लक्षात घ्यावं लागतं. मधुमेहाचीच मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा, त्याच्या कमतरतेनेही नसा बिघडतात. कोणतीही गोळी स्वतः बंद मात्र करू नका. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन (०.४ मिग्रॅ) मिळाली असेल तर ती रात्री जेवणानंतर घ्या आणि अंथरुणातून एकदम उठू नका, कारण जुन्या मधुमेहात उठल्यावर रक्तदाब पडतो आणि ही गोळी तो आणखी पाडते.

रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं) आणि मूत्रपिंडांची सूज याच आठवड्यात बघा. सूज असेल तर नळी लगेच सुरू करावी लागेल. नसेल आणि शिल्लक तरीही कमी होत नसेल, तर दिवसातून दोन वेळा नळी, विशेषतः झोपण्यापूर्वी, एवढ्यानेही अंथरूण कोरडं राहू लागतं.

प्रश्न: आई ७१ वर्षांची, कंपवात आहे. लघवी लागली की धरवत नाही, संडासापर्यंत पोचेपर्यंत होते. ऑक्सिब्युटिनिन सुरू केल्यापासून ती गोंधळल्यासारखी बोलते. (पंचवटी)

ज्यांनी गोळी दिली त्यांना आजच फोन करून हे सांगा. ऑक्सिब्युटिनिन मूत्राशयाला शांत करतं, पण मेंदूतही शिरतं. म्हातारपणी, त्यातही कंपवातात, त्याने विसर आणि भ्रम वाढतो. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ ही आणखी दोन गाऱ्हाणी. कंपवातात पोट आधीच साफ होत नसतं आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, म्हणजे घाई आणखी वाढते. पर्याय म्हणून मिराबेग्रॉन (२५ मिग्रॅपासून) विचारा. ते वेगळ्या वाटेने काम करतं आणि डोक्यावर परिणाम करत नाही. त्यात रक्तदाब मोजत राहावा लागतो, फार चढलेला असेल तर ते देत नाहीत. कोणतीही गोळी देण्याआधी शिल्लक लघवी सोनोग्राफीत मोजलेली असावी.

गोळीइतकंच महत्त्व घरातल्या सोयीला आहे. दर दोन तासांनी तुम्हीच त्यांना घेऊन जा. संध्याकाळचा चहा चारच्या आत उरका. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची आणि रात्रभर मंद दिवा ठेवा. घाईघाईत अंधारात निघालेल्या आजीचं खुब्याचं हाड मोडणं हा लघवीपेक्षा मोठा धोका आहे. साडीऐवजी इलॅस्टिकचा गाऊन त्यांना पटला तर सोपं जाईल.

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची, जन्मतः पाठीवर गाठ होती, ऑपरेशन झालेलं आहे. नळी दिवसातून पाच वेळा घालतो, ऑक्सिब्युटिनिन चालू आहे, तरी शाळेत ओली होते. डॉक्टर बोटॉक्स म्हणतात, नाहीतर आतड्याचं ऑपरेशन. (दिंडोरी)

आधी दोन गोष्टी बघा. तिचं पोट रोज साफ होतं का? आणि एका वेळी किती निघते? या वयात मूत्राशयात सुमारे ३०० मिली मावायला हवी. वेळच्या वेळी नळी घालूनही मध्येच गळत असेल आणि माप १००-१५० चंच असेल, तर मूत्राशय लहान आणि कडक आहे. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला योग्य ठरतो.

बोटॉक्स हे स्नायू सैल करणारं औषध आहे. दुर्बीण घालून मूत्राशयाच्या भिंतीत अनेक ठिकाणी ते थोडं थोडं टोचतात. मोठ्यांना २०० युनिट, साधारण ३० जागी. मुलांना वजन ३४ किलोच्या खाली असेल तर किलोमागे ६ युनिट. लहान मुलांना भूल द्यावी लागते. दोनेक आठवड्यांत गुण दिसतो, काही महिने टिकतो आणि उतरला की पुन्हा द्यावं लागतं. मधे किमान १२ आठवडे हवेत. त्या दिवशी जंतुसंसर्ग नसावा. नळी सुटणार नाही, हे मुलीलाही आधीच सांगा, नाहीतर तिची फार निराशा होते.

बोटॉक्स पुरलं नाही किंवा मूत्रपिंडांवर सूज दिसली तर आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठं करतात. दाब खरोखर उतरतो, पण ही जन्मभराची बांधिलकी आहे. आतडं चिकट स्राव सोडतं, त्यामुळे मूत्राशय सलाइनने नियमित धुवावं लागतं. न धुतल्यास खडे होतात. रक्तातली आम्लता आणि बी-१२ दरवर्षी बघतात. नळी चुकवली आणि मूत्राशय फाटलं तर पोटात जोरात दुखतं, तेव्हा तासभरही थांबता येत नाही. याच ऑपरेशनमध्ये अपेंडिक्स वापरून बेंबीपाशी नळी घालायची वाट करता येते. मुलगी चाकाच्या खुर्चीत असेल तर ही वाट अवश्य विचारा. कपडे न उतरवता, बसल्या जागी, स्वतःच्या हाताने तिला नळी घालता येईल. नववं वर्ष हे शिकायला चांगलं वय आहे.

आणखी एक, आणि हे शाळेलाही कळवा: या मुलांना रबराची (लेटेक्सची) ॲलर्जी पुष्कळदा असते. नळी लेटेक्स नसलेलीच घ्या, ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना आठवण करा आणि फुगे दूर ठेवा. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला (रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाला) लेखी सल्ला दाखवून कोणता भाग बसतो ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्याकडेही तिची नोंद करा.

प्रश्न: भाऊ मानेला मार लागल्यापासून पलंगावर आहे. कधीकधी अचानक डोकं फुटेल असं दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. डोकेदुखीची गोळी देऊ का? (निफाड)

गोळी नको, आधी त्याला उठवून बसवा आणि पाय खाली सोडा. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा वर इजा असलेल्यांत मूत्राशय तुंबलं की रक्तदाब धोकादायक चढतो. पट्टे, बटणं, घट्ट मोजे सैल करा. नळी लावलेली असेल तर ती कुठे मुडपली आहे का, पायाखाली दबली आहे का, पिशवी भरली आहे का ते पाहा. नळी बंद पडली असेल तर ती बदलावी लागते. नळी नसेल तर भरपूर जेली लावून लगेच घाला. दर दोन-तीन मिनिटांनी रक्तदाब मोजा. अशा माणसाचा नेहमीचा वरचा आकडा ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हासुद्धा त्याच्यासाठी चढलेलाच. मूत्राशय रिकामं करूनही उतरत नसेल तर कारण गुदाशयात अडकलेला मळ किंवा एखादी जखम असू शकते. वाट न बघता १०८ ला फोन करा.

त्याचा नेहमीचा रक्तदाब, इजेची पातळी आणि 'डोकं दुखून घाम आला तर आधी मूत्राशय तपासा' ही ओळ एका कागदावर लिहून पलंगाच्या उशाशी चिकटवा, एक प्रत त्याच्या खिशात ठेवा. रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला हे सुचेलच असं नाही.